बत्तीस जोड्या

रत्नागिरीजवळ कुवारबावच्या कॉलनीत उमा आठल्ये हे नाव फक्त वीजबिलावर होतं. एरवी त्या सगळ्यांच्या उमावहिनी. त्यांचे यजमान राजाभाऊ पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच ते गेले, त्यालाही आता सहा वर्षं झाली. मुलगी स्वानंदी लग्न होऊन मुंबईत, मुलगा सलिल पुण्यात नोकरीला. खाली दोन खोल्या, वर एक, मागे केळी आणि एक अनंताचं झाड, एवढ्या त्या स्लॅबच्या घरात पहिली दोन वर्षं वहिनी, त्यांचे देव आणि त्यांचं पाठांतर, असं तिघांचं बिऱ्हाड होतं.

पाठांतर हे वेगळं माणूस म्हणूनच मोजायला हवं, इतकं ते मोठं. कुणाकडे उद्यापन असो, कुणाकडे वास्तुशांतीच्या संध्याकाळी बायकांचं स्तोत्रपठण असो, वहिनी बसल्या म्हणजे कुणी पुस्तक उघडत नसे. मध्येच बायकांची गाडी घसरली, एक चरण गाळून पुढे गेली, की वहिनी हात वर करायच्या. बोलायच्या नाहीत, नुसता हात. मग सगळ्याजणी निमूट मागे यायच्या आणि गाळलेला चरण घेऊन पुढे जायच्या. "देवाला कळतं, पण देव बोलत नाही. म्हणून आपण थांबायचं," असं त्या म्हणत. गॅसचा ग्राहक क्रमांक, राजाभाऊंचा पेन्शनचा नंबर, दोन्ही नातवंडांच्या जन्मवेळा मिनिटासकट, सगळं तोंडावर.

चार वर्षांपूर्वी सलिल पुण्याहून घरी राहायला आला. त्याची कंपनी दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवते, आणि ते काम घरून करायला तेव्हा तिनं परवानगी दिली होती. लग्न मोडलेलं, पुण्याची खोली खायला उठत होती, आई इथे एकटी. आला तो वरच्या खोलीत दोन पडदे, एक लॅपटॉप आणि वायरींचं जाळं मांडून बसला. वहिनींनी त्या जाळ्याला पहिल्या दिवशी हळदकुंकू लावलं. सलिलनं ते पुसलं नाही, एवढं त्याचं आईवर प्रेम.

तो आल्यावर महिन्याभरातच एकदा जिन्यावरून हाक आली, "आई, वर येतेस का गं? एक साक्षीदार हवाय."

"कुणाचं लग्न लावतोयस?"

"माझं आणि कंपनीच्या सर्टिफिकेटचं."

मग त्यानं समजावून सांगितलं. प्रोग्रामचे लहान लहान भाग वेगवेगळ्या बंद डब्यांत ठेवलेले असतात, त्यांना कंटेनर म्हणायचं. असे चाळीसेक कंटेनर एकत्र चालवणारी मांडणी म्हणजे क्लस्टर. खरा क्लस्टर दूर कुठे मोठ्या यंत्रांवर, पण सलिलनं लॅपटॉपातच त्याची छोटी नक्कल उभी केली होती, म्हणजे नवीन काम आधी घरात चालवून बघता येतं. हे डबे कंपनीच्या कोठारातून येतात. आणि ते कोठार खरंच कंपनीचंच आहे हे पटवायला दारावर एक सर्टिफिकेट असतं.

"मग झालं की," वहिनी म्हणाल्या.

"नाही ना झालं. जगात चार मोठ्या संस्था आहेत, त्यांनी सही केलेलं सर्टिफिकेट कुठलंही यंत्र आपणहून मानतं. आमच्या कंपनीनं स्वतःच स्वतःला दिलंय. घरचंच. त्याला रूट सर्टिफिकेट म्हणतात. ते यंत्राला आपण मुद्दाम सांगायला लागतं, की बाबा, हे आपलं आहे, ह्याच्यावर विश्वास ठेव."

"लॅपटॉपला सांगितलंस?"

"लॅपटॉपला सांगितलं. पण क्लस्टरला वेगळं सांगायला लागतं."

"क्लस्टर लॅपटॉपातच आहे म्हणालास ना?"

सलिलला हसू आलं. "आहे. पण आपण खाली कुणाला ओळखतो म्हणून वरचा भाडेकरू त्याला दार उघडतो का? त्याला त्याचं सांगायला लागतं. आणि क्लस्टर मोडून नवा उभा केला, की भाडेकरू नवा. पुन्हा पहिल्यापासून सांगा."

"आणि चुकीच्याला आपलं म्हटलं तर?"

"तर कंपनीचं नाव सांगून कोणीही आत शिरेल. म्हणून तर साक्षीदार."

प्रत्येक सर्टिफिकेटचा एक ठसा असतो, माणसाच्या अंगठ्यासारखा. बत्तीस जोड्या, प्रत्येक जोडीत कधी दोन आकडे, कधी दोन इंग्रजी अक्षरं, कधी एक आकडा नि एक अक्षर. कंपनीचा नियम असा, की हा ठसा एकानं पडद्यावरून वाचायचा आणि दुसऱ्यानं कंपनीनं पोस्टानं पाठवलेल्या कागदावर जुळवायचा. एकट्यानं दोन्ही केलं तर डोळा आपल्याला हवं तेच बघतो. पुण्यात शेजारच्या टेबलावरचा माणूस असतो. रत्नागिरीत कोण? सलिलची वरिष्ठ तेजस्वी फोनवर म्हणाली, "घरच्या क्लस्टरपुरतं घरातलं कोणी चालेल. फक्त नीट वाचता येणारं दे."

त्या दिवशी सलिल वाचत गेला आणि वहिनी पेन्सिलीनं टिकमार्क करत गेल्या. एकोणिसाव्या जोडीला त्यांनी हात वर केला.

"काय झालं?"

"तू एट डी म्हणालास. इथे एट बी आहे."

सलिलनं पुन्हा पाहिलं. पडद्यावर बी होता, तोच चुकून डी म्हणाला होता. त्यानं कंपनीच्या नोंदवहीत लिहिलं, वाचणार सलिल आठल्ये, तपासणार उमा आठल्ये. वहिनींनी ते तीनदा वाचून घेतलं.

ही बातमी दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन आलेल्या यमुनाबाईंना कळली. यमुनाबाई नाचणे गावाकडच्या, परसातली फुलं घरोघर देणाऱ्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "वयनी, तुमी कंपनीत कामाला लागल्याव म्हनं!"

"लागले. पगार नाही, पण मान आहे."

"मग आमच्यावानीच," यमुनाबाई म्हणाल्या नि जास्वंदीच्या कळ्या मोजून पानात टाकल्या.

पुढे तीन वर्षांत सलिलनं पाच-सहा वेळा क्लस्टर मोडून नवा उभा केला. दर वेळी जिन्यावरून हाक, दर वेळी बत्तीस जोड्या. वहिनींना त्यातलं ठेक्याचं सुख कळलं होतं. थ्री एफ, हं. झिरो नाईन, हं. स्तोत्रासारखंच ते. अर्थ कळायलाच हवा असं नाही, पण एक अक्षर हललं तर सगळं फुकट.

गेल्या गौरीला पहिल्यांदा झालं. हळदकुंकवाच्या बायका बसल्या होत्या, आणि नेहमीचं स्तोत्र म्हणताना वहिनींच्या समोर एकदम मोकळं मैदान आलं. पुढचा चरण नाहीच. बायका म्हणत पुढे गेल्या. वहिनी गप्प बसल्या, आणि चरणाचा शेवट आला तसा तेवढ्यात सूर मिसळला. कुणाला कळलं नाही. त्यांना वाटलं, उपासानं झालं असेल.

पण दिवाळीत पुन्हा झालं. मग वर्तमानपत्रातल्या ओळी जुळेनाशा झाल्या. अक्षर दिसायचं, ओळखीचंही वाटायचं, आपल्या लग्नात आलेल्या एखाद्या लांबच्या पाहुण्यासारखं, पण नाव आठवेना. त्यांनी डोळे तपासून घेतले. डोळे उत्तम होते. चष्म्याचा नंबरही बदलला नाही.

तेव्हापासून त्या लपवायला शिकल्या. पूजेची उपकरणी रोज त्याच क्रमानं मांडायची, म्हणजे हात आपोआप पुढचं उचलतो. यमुनाबाईंना विचारायचं, "आज काय गं तिथी? बघू तुला येतं का." यमुनाबाई अभिमानानं सांगायच्या आणि वहिनी "शाब्बास" म्हणायच्या. वर्तमानपत्र पंधरा मिनिटं समोर धरायचं, पान उलटायचं. देवाशी मात्र लपवता येत नाही. स्तोत्र अर्ध्यावर तुटलं की त्या हात जोडून म्हणायच्या, "उरलेलं तूच म्हणून घे."

का लपवलं, तर काशीवहिनींमुळे. काशीवहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या जाऊबाई, पूर्णगडच्या घरात चाळीस वर्षं नांदलेल्या. त्यांना असंच विसरायला व्हायला लागलं तेव्हा मुलांनी मुंबईला नेलं. मुलं वाईट नव्हती, आळीपाळीनं रजा काढून बघत होती. पण उमावहिनी भेटायला गेल्या तेव्हा काशीवहिनी सातव्या मजल्यावरच्या खोलीत बिछान्यावर बसून होत्या, देव भिंतीतल्या कपाटात, आणि दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "उमे, आपण घरी कधी जायचं?" दोन वर्षं त्यांनी तेवढं एकच वाक्य सांभाळलं. त्या गेल्या तेव्हा तेही गेलं.

वहिनींना तेवढंच नको होतं. मरणाला त्यांची ना नव्हती. फक्त ते ह्या घरातून यावं, ह्या देवांसमोरून. सलिल इथे आहे तोवर ते शक्य होतं. सलिल पुण्याला गेला तर आईला मागे ठेवणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि फाल्गुनात नेमकं तेच दार वाजलं. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ठरवलं, की एप्रिलपासून सगळ्यांनी पुण्यात यायचं. जे बाहेर राहतात त्यांनी शुक्रवारी दुपारी चारला आपल्या घरच्या यंत्रावर नवं सगळं चालवून दाखवावं. ज्याचं चालेल त्याला राहू देऊ. शिवाय कंपनीनं आपलं रूट सर्टिफिकेट बदललं होतं. जुन्याची मुदत संपत आली होती. म्हणजे नवा क्लस्टर, नवं सर्टिफिकेट, नवा ठसा. कागद पोस्टानं बुधवारी आला.

जेवताना सलिल म्हणाला, "अवघड काही नाही गं. सगळं करून ठेवलंय. उद्या सकाळी ठसा तपासला, की डबे उतरायला तीन तास, आणि शुक्रवारी दाखवायचं. झालं. आणखी तीन-चार वर्षं कोण हलवतंय आपल्याला?"

"आणखी भात घे," वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी पूजा आटोपून त्या वर गेल्या. सलिलनं खुर्ची ओढून दिली, कागद हातात दिला. चार ओळी, एकेका ओळीत आठ जोड्या, ठळक छापलेल्या. वहिनींनी चष्मा लावला. काळ्या मुंग्यांच्या चार रांगा कागदावर उभ्या होत्या. एकही मुंगी आपलं नाव सांगेना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. "सलिल, मी काय म्हणते, ह्या वेळी तेजस्वीला फोनवर घे ना."

"तिला कशाला? तू तपासलंस की मला परत बघावं लागत नाही. तिथे पोरं तीनतीनदा तपासतात नि तरी घोळ घालतात. बस. चल, सुरू?"

इतकं कौतुक त्याच्या आवाजात होतं की ते मोडून टाकायला त्यांचा जीव झाला नाही. एकदाच, त्यांनी मनाशी म्हटलं. सगळं त्यानं बरोबरच ठेवलेलं असणार. माझ्या 'हं'नं काय बिघडणार आहे?

"फोर सी."

"हं."

"नाईन वन."

"हं."

पेन्सिल त्याच्या आवाजाबरोबर पुढे सरकत गेली. ठेका तर त्यांचा कधीच गेला नव्हता. सलिलची बत्तिसावी जोडी संपली तेव्हा त्यांची पेन्सिल बरोब्बर बत्तिसाव्या जागी होती. त्या खाली आल्या. देवापुढे जाऊन त्यांनी दोन्ही कान धरले.

दुपारपर्यंत काही चालेना. क्लस्टर उभा राहायचा, कोठाराकडे डबा मागायचा, आणि कोठारानं सर्टिफिकेट दाखवलं की क्लस्टर म्हणायचा, मी ह्याला ओळखत नाही. सलिलनं क्लस्टर मोडला, पुन्हा उभा केला, सर्टिफिकेट पुन्हा घातलं. तेच. जेवायला खाली आला तो ताटात बघतच नव्हता. ओल्या काजूची उसळ होती, त्याची आवडती, नि मीठ दोनदा पडलेलं होतं. त्यानं न बोलता खाल्ली.

शुक्रवारी सकाळी तेजस्वीशी त्याचं बोलणं चाललं होतं. वहिनी चहा ठेवायला वर गेल्या तेव्हा फोनमधून तिचा आवाज ऐकू येत होता.

"सलिल, मी परत विचारते हं, रागावू नको. सर्टिफिकेट नवंच घातलंयस ना? चाचणीसाठी पाठवलेलं दुसरं एक होतं, नाव जवळजवळ सारखंच आहे."

"बत्तीसच्या बत्तीस जोड्या तपासल्यात. आईनं."

"काकूंनी? मग प्रश्नच नाही. मग घड्याळ बघ, यंत्राची वेळ मागे असेल. नाहीतर घातलंयस ती जागा चुकली असेल."

"काल एक जण म्हणाला, तपासणीच बंद करून टाक. कोणीही येऊ दे आत. आजच्यापुरतं."

"खबरदार."

"नाही करणार गं. त्यापेक्षा पुण्याला येईन."

वहिनींनी चहा टेबलाच्या कडेला ठेवला.  सलिल म्हणाला, "आई, तुला घाम का आलाय?" त्या म्हणाल्या, "जिना." आणि खाली आल्या.

खाली येऊन त्यांनी तांदूळ निवडायला घेतले. आता सांगू, एवढे मूठभर झाले की सांगू. मूठभर झाले, ताटभर झाले. वर तो एकेक गोष्ट सोडवून बघत होता: घड्याळ, जागा, जाळं, वायर. जे कधीच चुकणार नाही असं त्याला वाटत होतं तेवढं एक सोडून. आणि वहिनी ते एक मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

तीनच्या सुमारास वरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग जिन्यावर पावलं, हळू.

सलिल स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातात तो कागद.

"आई, कालचं तपासलेलं आठवतं तुला?"

"आठवतं."

"मी चाचणीचं सर्टिफिकेट उचललं होतं. माझीच चूक. पडद्यावर पहिली जोडी फोर सी आहे. कागदावर पहिली जोडी बी सेवन. दुसरी जुळत नाही. तिसरी नाही." त्यानं कागदावरून बोट फिरवलं. "एकही जोडी जुळत नाही आई. बत्तीसातली एकही नाही. आणि बत्तीस टिकमार्क आहेत."

वहिनींनी ताट बाजूला ठेवलं.

"एखादी चुकली असती तर मी समजलो असतो. लक्ष गेलं इकडेतिकडे. पण तू..." तो खाली त्यांच्याजवळ फरशीवर बसला आणि कागद त्यांच्या पुढे धरला. "वाच बघू ही ओळ."

"चष्मा…"

"डोळ्यावर आहे."

वहिनींनी कागदाकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "दिसतंय रे सगळं. पण लागत नाही."

"कधीपासून?"

"गौरीपासून."

"मराठीसुद्धा?"

"मराठी थोडं थोडं. सकाळी बरं असतं."

सलिलनं कागद खाली ठेवला. त्याला गेले सहा महिने एकदम दिसायला लागले असावेत. वर्तमानपत्र, खारट उसळ, सारखं सारखं शाब्बास. तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला नेलं असतंस."

 तो उठला, वर गेला. पाच मिनिटांत खरं सर्टिफिकेट क्लस्टरमध्ये गेलं, आणि पहिला डबा मुकाट्यानं उतरायला लागला. पण चाळीस डब्यांना तीन तास लागणार होते आणि हातात तास उरला नव्हता.

चार वाजता लॅपटॉपवर मोठे साहेब आले, शेजारी तेजस्वी. वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या. पडदा त्यांना दिसत होता, त्या पडद्याला दिसत नव्हत्या.

"चाळीसातले सातच चालू दिसतायत," साहेब म्हणाले.

"हो सर. उशीर झाला."

"काय झालं?"

सलिलनं लॅपटॉप जरा सरळ केला. मग म्हणाला, "नेट, सर. कालपासून नेट नीट नव्हतं."

तेजस्वीनं चमकून वर पाहिलं. तिला खरं ठाऊक नव्हतं, पण हे खोटं आहे एवढं ठाऊक होतं. साहेबांनी सुस्कारा टाकला. "हेच मी म्हणत होतो. तुझ्या कामाबद्दल शंका नाही, सलिल. पण तिकडे बसून हे होणार नाही. एक एप्रिलपासून इथे ये."

"चालेल, सर."

चालेल. वहिनींनी तो शब्द ऐकला. त्याला माहीत होतं की नेटचं नाव घेतलं तर पुण्याला जावं लागणार. तरी त्यानं तेच नाव घेतलं, कारण दुसरं नाव त्यांचं होतं. आणि त्याच्या ह्या एका खोट्यावर त्यांनी गप्प राहायचं, म्हणजे तेहेतिसाव्यांदा हं म्हणायचं.

त्या पुढे गेल्या. सलिलच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी हात वर केला.

"नमस्कार. मी ह्याची आई."

"काकू, नमस्कार," तेजस्वी म्हणाली.

"आई, तू खाली जा ना."

"जाते. एवढं सांगून जाते. नेट चांगलं होतं हो. कागद मी तपासला. मला तो वाचताच आला नाही, आणि मी आला म्हटलं. मला विसरायला होतं. अक्षरं लागत नाहीत. ह्याला माहीत नव्हतं, ह्याला आज तीन वाजता कळलं. तुमच्या वहीत माझं नाव तपासणार म्हणून आहे ना? त्या पुढे लिहा, की हिनं तपासलं नाही. मागचं सगळं खरं होतं. हे एक खोटं."

 साहेबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"आई, तुम्ही बसा," ते म्हणाले. मग सलिलला म्हणाले, "डॉक्टरांना दाखवलंस?"

"नाही सर. आजच कळलं."

"दाखव. आधी ते कर. बाकी मी तेजस्वीशी बोलतो."

तेजस्वी मागे राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला पुसायचंही नव्हतं. "काकू, तपासणार म्हणून आता दुसरं नाव घालावं लागेल. नियम आहे."

"लागेलच," वहिनी म्हणाल्या. "न घालून कसं चालेल?"

साडेपाचला सलिलच्या फोनवर निरोप आला. त्यानं वाचून दाखवला. एक वर्ष घरून काम करायला परवानगी. कारण, आईचं आजारपण. वर्षानं पुन्हा बघू.

म्हणजे त्यांना हवं ते मिळालं होतं. हे घर, हे देव, समोर सलिल. फक्त आतापर्यंत तो त्याच्या हुशारीवर इथे राहत होता आणि आईला सांभाळतो ही वर त्याची माया होती. आता त्या आजारी होत्या म्हणून तो इथे राहणार होता. वहिनींनी देवापुढे निरांजन लावलं, साखर ठेवली, आणि आभार मानायला हात जोडले. हात जोडलेले राहिले, शब्द आले नाहीत, आणि ह्या वेळी ते विसरल्यामुळे नव्हतं.

सलिल मागे येऊन बसला. वर डबे एकामागून एक उतरत होते, आता कुणाला ते बघायची घाई नव्हती.

"सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला. "औषधं असतात आता. थोपवता येतं."

"किती?"

"ते विचारू ना त्यांनाच."

"काशीवहिनींचं नाही थोपलं."

"आई."

"बरं. नाही बोलत." निरांजनाची वात सारून त्या म्हणाल्या, "स्वानंदीला सांगायला हवं."

"मी सांगतो. तू नको त्रास करून घेऊ."

"नाही. मी सांगणार. मला नीट सांगता येतंय तोवर मीच सांगते. मग तुम्ही आहातच आपसांत बोलायला."

सलिलनं फोन पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला आणि बोट आकड्यांवर धरलं. लेकीचा नंबर त्यांनी पंधरा वर्षांत एकदाही लिहून ठेवला नव्हता. बोट तसंच हवेत थांबलं. सलिल बघत होता. त्यानं घाई केली नाही, पुढे होऊन फोन काढूनही घेतला नाही. बऱ्याच वेळानं वहिनींनीच फोन त्याच्याकडे परत दिला.

"लाव तू," त्या म्हणाल्या.

त्यानं लावला आणि त्यांच्या कानाला धरला. तिकडे भांड्यांचा आवाज, मुलांचा गलका, मग स्वानंदीचा आवाज, "काय गं आई? आज ह्या वेळी?"

वहिनींनी पदर सावरला.

"अगं, गॅस बारीक कर," त्या म्हणाल्या, "आणि खुर्ची घेऊन बस जरा."